प्रयोगशाळा, मुके प्राणी आणि ख्रिस्ती सद्सद्विवेकबुद्धी

विद्यापीठांतील जीववैद्यकीय संशोधनात काम करणाऱ्या भाविकांसाठी

आपल्या धर्मग्रामांतील मुले-मुली पूर्वी प्रामुख्याने शिक्षकी पेशा, बँका, परिचारिकेचा व्यवसाय वा सरकारी नोकरी यांकडे वळत असत. आता सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, औषधनिर्माणशास्त्र या विषयांत पदवी घेणाऱ्यांची संख्या वाढली आहे. एम.एस्सी. झाल्यावर त्यांना मिळणारे पहिले काम बहुधा विद्यापीठाच्या किंवा एखाद्या संशोधनसंस्थेच्या प्रयोगशाळेत असते : कोणी कनिष्ठ संशोधक, कोणी प्रकल्प-साहाय्यक, तर कोणी प्राणिगृहातील तंत्रज्ञ. घरी आईवडिलांना या कामाची कल्पना नसते. उंदरांना इंजेक्शने द्यावी लागतात, प्रयोग संपल्यावर त्यांना मारावे लागते, हे कळल्यावर “हे पाप तर नव्हे ना?” असा प्रश्न घरात उपस्थित होतो.

प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर ख्रिस्तसभेने पुरेशा स्पष्टपणे दिलेले आहे. मात्र अशा प्रयोगशाळेत याहून कठीण असा दुसरा एक प्रश्न दडलेला असतो आणि तो सहसा कोणी विचारत नाही. तो पिंजऱ्यातील उंदराविषयी नसून उष्मायंत्रात ठेवलेल्या काचेच्या वा प्लास्टिकच्या कुपीविषयी आहे. त्या कुपीत वाढणाऱ्या पेशी मुळात कोणाच्या शरीरातून आल्या? या लेखात दोन्ही प्रश्नांचा परामर्श घेतला आहे.

प्राण्यांविषयी ख्रिस्तसभेची शिकवण

कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात (१९९२) परिच्छेद २४१५ ते २४१८ हे या विषयाला वाहिलेले आहेत. त्यांचा आशय असा : प्राणी ही परमेश्वराची निर्मिती असून त्यांच्या केवळ अस्तित्वानेच परमेश्वराचा गौरव होतो. मनुष्याने त्यांच्याशी दयेने वागणे हे त्याचे कर्तव्य आहे. असिसीचे संत फ्रान्सिस आणि संत फिलीप नेरी यांच्या प्राणिप्रेमाचा तेथे मुद्दाम उल्लेख केलेला आहे. त्याचबरोबर अन्न व वस्त्र यांसाठी प्राण्यांचा उपयोग करणे न्याय्य आहे. वैद्यकीय व वैज्ञानिक प्रयोगांबाबत ग्रंथ दोन अटी घालतो. प्रयोग वाजवी मर्यादेत राहिला पाहिजे आणि त्यातून मानवी जीवनाची काळजी घेण्यास वा ते वाचविण्यास हातभार लागला पाहिजे. या अटी पाळल्या जात असतील तर तो नैतिकदृष्ट्या ग्राह्य ठरतो. प्राण्यांना विनाकारण यातना देणे वा त्यांचा विनाकारण जीव घेणे हे मात्र मानवी प्रतिष्ठेलाच बाधक आहे, असे ग्रंथ बजावतो.

येथे ‘विनाकारण’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या २०१५ च्या परिपत्रकात (परिच्छेद १३०) याच शिकवणीचा पुनरुच्चार केला. उत्पत्तीच्या पुस्तकात मनुष्याला सृष्टीवर दिलेली सत्ता ही कारभाऱ्याची सत्ता आहे, मालकाची नव्हे. आणि नीतिसूत्रांच्या पुस्तकात (१२:१०) नीतिमान मनुष्य आपल्या जनावराच्या जिवाचीही पर्वा करतो असा अभिप्राय आहे.

आपल्याकडे सणावाराला घरोघरी मटण किंवा डुकराचे मांस शिजते आणि सुकी मासळी तर वर्षभर असते. अशा घरातून प्रयोगशाळेतील उंदराविषयी हळहळ व्यक्त झाली की काही विज्ञानाचे विद्यार्थी हसतात. हे हसणे अनाठायी आहे. जेवणाच्या ताटासाठी जनावर कापणे आणि त्याला आठवडेच्या आठवडे आजारी अवस्थेत जिवंत ठेवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसऱ्या गोष्टीसाठी कारणही तेवढेच भक्कम हवे.

धन्यवादित स्टेनो यांची अस्वस्थता

या अस्वस्थतेला ख्रिस्तसभेच्या इतिहासात एक थोर साक्षीदार आहे. नील्स स्टेन्सन, ज्यांना लॅटिन रूपात निकोलस स्टेनो म्हणतात, हे सतराव्या शतकातील डॅनिश शरीररचनाशास्त्रज्ञ होत. १६६० मध्ये अ‍ॅमस्टरडॅम येथे मेंढीच्या डोक्याचे विच्छेदन करीत असताना त्यांना गालातील लाळग्रंथीची नलिका सापडली. वैद्यकाचे विद्यार्थी आजही तिला त्यांच्याच नावाने ओळखतात. हृदय हा एक स्नायूच आहे हेही त्यांनी दाखवून दिले. त्या काळी संवेदनाहारक औषधे नव्हती. जिवंत कुत्र्यांवर शस्त्रक्रिया कराव्या लागत आणि त्या तशाच केल्या जात.

त्याच काळात तत्त्वज्ञ देकार्त यांचे अनुयायी असे मानू लागले होते की प्राणी ही केवळ यंत्रे आहेत. त्यांचे ओरडणे हे घड्याळाच्या टणत्कारासारखे असून त्यामागे वेदना नाही. असे मानले की शास्त्रज्ञाचे मन मोकळे होते. स्टेनो यांना ही सोय पटली नाही. या प्राण्यांना दीर्घकाळ यातना देताना आपल्याला तिटकारा वाटतो, असे त्यांनी आपल्या गुरूंना, थॉमस बार्थोलिन यांना, पत्रातून कळविले होते. प्राण्यांना आत्माच नाही अशी जी खात्री देकार्तच्या अनुयायांना आहे तशी त्यांनी आपलीही करून दिली तर बरे, अशा आशयाचे वाक्यही त्यात आहे. त्यांनी प्रयोग थांबविले नाहीत, पण वेदना खोटी आहे असेही स्वतःला समजाविले नाही.

पुढे १६६७ मध्ये फ्लॉरेन्स येथे स्टेनो कॅथलिक झाले, १६७५ मध्ये धर्मगुरू आणि १६७७ मध्ये बिशप झाले. १६८६ मध्ये उत्तर जर्मनीत त्यांचे निधन झाले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २३ ऑक्टोबर १९८८ रोजी त्यांना धन्यवादित घोषित केले. प्राणिगृहात काम करणाऱ्या भाविकाला आश्रयदाता म्हणून कोणाचे स्मरण करावे असा प्रश्न पडल्यास, प्रस्तुत लेखकाच्या मते, स्टेनो यांच्याइतका समर्पक दुसरा कोणी नाही.

परळची प्रयोगशाळा, घोडे आणि मेंढ्या

प्राण्यांवरील संशोधनाने आपल्या भूमीला काय दिले याचा विचार मुंबईतील परळपासून करावा लागेल. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली तेव्हा वॉल्डेमार हाफकिन हे शास्त्रज्ञ येथे दाखल झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजमधील एका खोलीत त्यांनी प्लेगची लस तयार केली, ती आधी सशांवर तपासली आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर तिची चाचणी झाली. कैदी स्वेच्छेने पुढे आले असे तेव्हा सांगितले गेले. आजची कोणतीही नीतिसमिती बंदिवानाची अशी संमती सहजासहजी मान्य करणार नाही. १८९९ मध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात हलविण्यात आली आणि १९२५ पासून ती हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते.

याच संस्थेत फादर जाँ फर्डिनांड कायस या फ्रेंच येशूसंघीय धर्मगुरूंनी औषधशास्त्राचे संशोधन केले. त्यांचे सहकारी होते डॉ. के. एस. म्हसकर. सर्पदंशावर गावोगावी वापरल्या जाणाऱ्या शेकडो वनस्पती या दोघांनी प्राण्यांवर पद्धतशीर तपासल्या आणि १९३१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला : यांपैकी एकही वनस्पती सापाचे विष उतरवू शकत नाही. निष्कर्ष नकारात्मक होता, पण त्याचे मोल मोठे आहे. मुळी उगाळून पाजण्यात जो वेळ जातो त्या वेळात माणूस दगावतो. कीर्तिकर व बसू यांच्या भारतीय औषधी वनस्पतींवरील प्रख्यात ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीचे संपादनही कायस, म्हसकर आणि दुसरे येशूसंघीय फादर ब्लाटर यांनी केले. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात कायस यांच्या नावाची प्रयोगशाळा आजही आहे.

मग विष उतरवते काय? घोड्याचे रक्त. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांचे विष घोड्याला प्रथम अत्यल्प आणि पुढे वाढत्या मात्रेत टोचले जाते. घोड्याच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होतात आणि ती वेगळी काढून प्रतिसर्पविष बनते. त्यासाठी लागणाऱ्या विषाचा मोठा भाग तामिळनाडूतील इरुळा आदिवासींची, १९७८ मध्ये स्थापन झालेली, सहकारी संस्था पुरवीत आली आहे. औषधाच्या प्रत्येक खेपेची शक्ती पुन्हा उंदरांवर तपासावी लागते आणि त्यात उंदीर मरतात. दुसऱ्या पारड्यात काय आहे हेही पाहिले पाहिजे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने वर्तविला. त्यांत बहुसंख्य ग्रामीण होती. धर्मशिक्षण ग्रंथातील ‘मानवी जीवन वाचविणे’ ही अट येथे पूर्ण होते, याबद्दल शंका घेण्यास जागा नाही.

तथापि, आज जे आवश्यक आहे ते कायमच आवश्यक राहील असे नाही. पिसाळलेला कुत्रा चावल्यावर पोटात घ्यावी लागणारी चौदा इंजेक्शने आपल्यातील वडीलधाऱ्यांना चांगली आठवत असतील. ती लस मेंढ्यांच्या मेंदूपासून तयार होत असे. डेव्हिड सेंपल यांनी १९११ साली कसौली येथे ही पद्धत विकसित केली. प्रत्येक खेपेसाठी मेंढ्यांना रोगबाधा करून मारावे लागे आणि काही रुग्णांना त्या लसीमुळे मज्जासंस्थेचे गंभीर विकारही जडत. भारतात २००४ च्या अखेरीस तिचा वापर थांबविण्यात आला. आता रेबीजची लस पेशींच्या संवर्धनातून बनते आणि त्यासाठी मुख्यतः ‘व्हेरो’ या पेशी वापरल्या जातात. १९६२ साली जपानमध्ये एका आफ्रिकी माकडाच्या मूत्रपिंडातून घेतलेल्या पेशींची ती संतती आहे. एका माकडामुळे पुढे किती मेंढ्या वाचल्या याची गणती कोणी केलेली नाही, पण दिशा स्पष्ट आहे.

कायदा काय सांगतो

विल्यम रसेल आणि रेक्स बर्च या दोघा इंग्रज शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये तीन तत्त्वे मांडली : प्राण्याऐवजी दुसरा पर्याय शोधणे, प्राण्यांची संख्या घटविणे आणि वेदना कमी होईल अशा रीतीने पद्धत सुधारणे. जगभरच्या प्रयोगशाळांचे नियम या तत्त्वांवर उभे आहेत. भारताने त्यांत प्रयोगानंतरच्या पुनर्वसनाची भर घातली.

भारतात प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० मध्ये झाला. त्याच्या कलम १४ नुसार नव्या ज्ञानासाठी, तसेच जीव वाचविण्यासाठी वा वेदना कमी करण्यासाठी केलेले प्रयोग बेकायदा ठरत नाहीत. कलम १७ मध्ये मात्र अटी आहेत. लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा प्राणी घेऊ नये, शस्त्रक्रिया भूल देऊन करावी, केवळ हात बसावा म्हणून प्रयोग करू नये, आणि पुस्तके, प्रतिकृती वा चित्रफिती यांनी काम होत असेल तर प्राणी वापरू नये. धर्मशिक्षण ग्रंथातील ‘वाजवी मर्यादा’ म्हणजे काय, असे कोणी विचारल्यास या कलमाकडे बोट दाखवता येईल. संसदेने ते लिहिताना ख्रिस्तसभेचा सल्ला घेतला नव्हता. तरीही दोन्हींतील साम्य विलक्षण आहे.

याच कायद्याखाली केंद्रीय समिती नेमलेली आहे. पूर्वी ती ‘सीपीसीएसईए’ या नावाने ओळखली जाई, आता तिचे नाव ‘सीसीएसईए’ आहे. १९९८ च्या नियमांनुसार प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या प्रत्येक संस्थेने नोंदणी करणे बंधनकारक आहे. प्रत्येक प्रयोगाचा प्रस्ताव ‘फॉर्म-बी’ मध्ये संस्थेच्या प्राणी नीतिसमितीपुढे ठेवावा लागतो. किती प्राणी लागतील आणि तेवढेच का, वेदनाशामक कोणते देणार, शेवटी प्राण्याचे काय करणार, हे सर्व त्यात लिहावे लागते. पर्याय शोधला होता का, या प्रश्नाचेही उत्तर द्यावे लागते.

गेल्या काही वर्षांत या क्षेत्रात बरेच बदल झाले आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे देऊन आणि पुढे २०१४ मध्ये आदेश काढून प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमांतील विच्छेदन बंद केले. सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरील चाचणी आणि तशी चाचणी केलेल्या मालाची आयात या दोहोंवर भारताने २०१४ मध्ये बंदी घातली. लिपस्टिकसाठी सशाच्या डोळ्यांत रसायन घालणे हे ‘विनाकारण’ या शब्दाचे ठळक उदाहरण होते. २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती होऊन, प्राण्यांऐवजी मानवी पेशींवर वा संगणकीय पद्धतींनी केलेल्या चाचण्यांनाही मान्यता मिळाली.

प्राणिगृहातील दिवस

बाहेरच्यांना प्राणिगृह म्हणजे क्रौर्याचे आगार वाटते. प्रत्यक्षात तेथील बहुतांश काम घरकामासारखे असते. पिंजरे धुणे, भाताचे तूस वा मक्याच्या कणसांचा भुगा बदलणे, पाणी भरणे, वजन घेणे, नोंदवहीत लिहिणे. खोलीचे तापमान बावीस-तेवीस अंशांच्या आसपास ठेवावे लागते, बारा तास उजेड आणि बारा तास अंधार पाळावा लागतो, आणि या कामाला रविवार नसतो. ज्यांची पाळी रविवारी असेल त्यांनी शनिवारच्या संध्याकाळच्या पवित्र मिस्साची सोय पाहून ठेवावी.

प्रकृतीची काळजी हा दुर्लक्षित विषय आहे. उंदीर व घुशींच्या मूत्रातील प्रथिनांमुळे अनेकांना कालांतराने अ‍ॅलर्जी जडते. आधी शिंका व डोळ्यांची खाज, पुढे दमा. हातमोजे, मास्क आणि प्रयोगशाळेतच कपडे बदलणे यांनी ती बरीच टळते. कपडे तसेच घरी नेल्यास लेकरांनाही त्रास होऊ शकतो. धनुर्वाताची लस घेतलेली असावी. वापरलेल्या सुईवर पुन्हा टोपण लावू नये. गरोदर भगिनींनी भुलीच्या वायूंजवळचे काम बदलून मागावे. ते मागण्यात संकोच बाळगू नये.

मनाचीही काळजी घ्यावी लागते. ज्याने महिनाभर उंदरांना हाताने खाऊ घातले त्यालाच शेवटी त्यांना मारावे लागते. प्रयोगशाळेच्या बोलीत यासाठी ‘मारले’ असे म्हणत नाहीत, ‘सॅक्रिफाइस केले’ असे म्हणतात. आपल्या भाविकांच्या कानांना हा शब्द खटकावा. वेदीवरचे बलिदान हे स्वेच्छेचे व प्रेमाचे असते. उंदराला कोणी विचारलेले नसते. सौम्य शब्द वापरून वस्तुस्थिती झाकण्याची ही सवय देकार्तच्या घड्याळासारखीच सोयीची आहे. मारणे मान्य पद्धतीनेच झाले पाहिजे, त्याचे प्रशिक्षण घेतल्याशिवाय कोणी त्याला हात घालू नये, आणि त्या दिवशी मन जड झाले तर ती दुर्बलता समजू नये.

कुपीतील पेशी कोणाच्या?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. जीववैद्यकीय प्रयोगशाळांत प्राण्यांपेक्षाही अधिक वापर होतो तो पेशीवंशांचा, म्हणजे शरीराबाहेर पिढ्यान्पिढ्या वाढविल्या जाणाऱ्या पेशींचा. त्यांतील काहींचे मूळ निर्धोक आहे. ‘सीएचओ’ पेशी १९५७ मध्ये चिनी हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या अंडकोशातून घेतल्या गेल्या. ‘व्हेरो’ माकडाच्या आहेत. ‘हेला’ पेशी १९५१ मध्ये बाल्टिमोर येथे हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय मातेच्या कर्करोगाच्या गाठीतून, तिला न विचारता, घेतल्या गेल्या. तेथे अन्याय झाला तो संमतीचा. कोणाचाही जीव त्यासाठी घेतला गेला नव्हता.

‘डब्ल्यूआय-३८’, ‘एमआरसी-५’ आणि ‘एचईके-२९३’ यांची गोष्ट वेगळी आहे. पहिल्या पेशी १९६२ मध्ये फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये लेनर्ड हेफ्लिक यांनी स्वीडनमध्ये गर्भपात केलेल्या गर्भाच्या फुप्फुसातून वाढविल्या. दुसऱ्या १९६६ मध्ये ब्रिटनमध्ये अशाच प्रकारे तयार झाल्या. तिसऱ्या १९७३ च्या सुमारास हॉलंडमधील लायडन येथे गर्भाच्या मूत्रपिंडातून मिळाल्या. त्या गर्भाचा मृत्यू नेमका कसा झाला याची संपूर्ण नोंद नाही, तरी तो ऐच्छिक गर्भपात असावा असेच सर्वसाधारणपणे धरले जाते. हे सारे आपल्यापासून दूर नाही. पुण्यात तयार होणारी रुबेलाची लस मानवी गर्भाच्या अशा पेशींवर वाढविली जाते, तर कोविशिल्ड या लसीच्या उत्पादनात ‘एचईके-२९३’ पेशी वापरल्या गेल्या. हैदराबादची कोव्हॅक्सिन मात्र ‘व्हेरो’ पेशींवर बनली आणि तिच्यासाठीचा विषाणू पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने वेगळा केला होता.

मग लस घ्यावी की नाही? हा प्रश्न साथीच्या काळात अनेक धर्मग्रामांत विचारला गेला. व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धांत मंडळाने २१ डिसेंबर २०२० रोजी उत्तर दिले : दुसरी लस उपलब्ध नसेल तर अशी लस घेणे नैतिकदृष्ट्या ग्राह्य आहे, कारण घेणाऱ्याचा त्या दूरच्या दुष्कृत्याशी असलेला संबंध अत्यंत दूरचा आहे, आणि घेणे म्हणजे गर्भपाताला मान्यता देणे नव्हे.

येथे अनेकांची गल्लत होते. लस घेणाऱ्याला जी मुभा आहे तीच संशोधकालाही आहे, असे समजले जाते. तसे नाही. ‘दिग्नितास पेर्सोने’ हे मार्गदर्शक पत्रक डिसेंबर २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या ३४ व ३५ या परिच्छेदांत संशोधकासाठी अधिक कठोर निकष आहे. “गर्भपात मी केला नाही, पेशी मी तयार केल्या नाहीत, मी फक्त विकत घेतल्या,” हा युक्तिवाद तेथे अपुरा ठरविला आहे. अशा मूळच्या सामग्रीचा वापर नाकारणे हे संशोधकाचे कर्तव्य सांगितले आहे. गर्भाच्या जिवाला किंमत न देणाऱ्या व्यवस्थेपासून आपण अलिप्त आहोत हे त्यातून प्रकट व्हावे, हा त्यामागचा हेतू आहे. मात्र त्याच परिच्छेदात एक महत्त्वाचा भेदही केला आहे. असा निर्णय घेणाऱ्यांची जबाबदारी आणि निर्णयात ज्यांना काहीच आवाज नाही अशांची जबाबदारी सारखी नाही. विभागप्रमुख आणि पंचवीस हजारांवर राबणारी प्रकल्प-साहाय्यक यांना ख्रिस्तसभा एकाच मापाने मोजत नाही. याचा अर्थ कनिष्ठाने गप्प बसावे असा नव्हे. आपली असहमती कळविणे आणि पर्यायी पेशी सुचविणे हे त्याच्याही हाती असते.

मानवी भ्रूणांचा नाश करून मूळपेशी मिळविण्याच्या कामात मात्र कोणत्याही पातळीवर प्रत्यक्ष सहभागी होता येत नाही. १९८७ चे ‘दोनुम व्हिते’ आणि १९९५ चे ‘इव्हांजेलियुम व्हिते’ यांनी याबाबत संदिग्धता ठेवलेली नाही. हा विषय केवळ परदेशातला नाही. २००१ मध्ये अमेरिकी सरकारने संशोधन-निधीसाठी पात्र ठरविलेल्या भ्रूण-मूळपेशींच्या यादीत मुंबई व बंगळूर येथील प्रयोगशाळांचाही समावेश होता.

याउलट प्रौढ व्यक्तीच्या, जन्मसमयी नाळेतील रक्ताच्या, तसेच नैसर्गिक कारणाने दगावलेल्या गर्भाच्या मूळपेशी वापरण्यास ख्रिस्तसभेचा विरोध नाही. गर्भाच्या बाबतीत आईवडिलांची संमती हवी. जपानमधील क्योटोचे शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेच्या पेशींना मूळपेशींसारखे रूप देऊन दाखविले. २०१२ चे नोबेल पारितोषिक त्यांना जॉन गर्डन यांच्यासमवेत मिळाले. मित्राच्या रुग्णालयात सूक्ष्मदर्शकातून एक भ्रूण पाहिला तेव्हा आपल्या मुलींची आठवण झाली आणि दुसरा मार्ग शोधावा असे वाटले, असे त्यांनी मुलाखतीत सांगितले होते. ते कॅथलिक नाहीत. त्यांच्या शोधाचे आपल्याकडे सरसकट कौतुक होते आणि ते रास्तही आहे, पण एक खाचखळगा लक्षात ठेवावा : त्वचेच्या पेशीत जनुके पोहोचविणारे विषाणू पुष्कळदा ‘एचईके-२९३’ च्याच वंशातील पेशींत तयार केले जातात. म्हणून केवळ प्रकल्पाचे नाव पाहून निश्चिंत होऊ नये.

रुजू होण्यापूर्वी

मुलाखतीच्या वेळी उमेदवारालाही प्रश्न विचारता येतात, हे आपली मुले विसरतात. कोणते प्राणी वापरता, नीतिसमितीची मंजुरी आहे का, कोणते पेशीवंश वापरता, भ्रूणांशी संबंधित काम आहे का, असल्यास मला त्यातून वगळता येईल का, हे नम्रपणे विचारावे. नकार मिळाला तर तो नोकरी स्वीकारण्यापूर्वी मिळालेला बरा. पेशींचे मूळ शोधणे अवघड नाही. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात पेशींचे राष्ट्रीय भांडार आहे आणि ‘सेलोसॉरस’ या इंटरनेटवरील विनामूल्य कोशात बहुतेक पेशीवंशांची माहिती मिळते. अनेक प्रयोगांत ‘एचईके-२९३’ च्या जागी ‘सीएचओ’ किंवा ‘व्हेरो’ चालू शकतात. सर्वत्र नाही, पण विचारून पाहिल्याशिवाय ते कळत नाही.

सद्सद्विवेकबुद्धीच्या कारणास्तव एखाद्या कामातून सूट हवी असेल तर विनंती लेखी द्यावी, कारण थोडक्यात सांगावे आणि त्याऐवजी कोणते काम करण्याची तयारी आहे तेही लिहावे. ब्रिटनमध्ये १९९० च्या कायद्याच्या कलम ३८ ने भ्रूणसंशोधनात सहभाग नाकारण्याचा हक्क दिला आहे. आपल्याकडे हे बरेचसे मार्गदर्शक प्राध्यापकांच्या समजूतदारपणावर अवलंबून असते आणि तो पुष्कळांच्या ठायी असतो. शंका आल्यास धर्मगुरूंशी बोलावे. मात्र त्यांना पेशीवंशाचे नाव व कामाचे स्वरूप नीट सांगावे. “लॅबमध्ये काहीतरी आहे” एवढ्यावर कोणीही सल्ला देऊ शकत नाही. मुंबई महाधर्मप्रांतातील फिआम्क बायोमेडिकल एथिक्स सेंटर हे अशा प्रश्नांसाठीच कार्यरत आहे.

नीतिसमित्यांच्या रचनेविषयी एक माहिती अद्याप फारशी कोणाला नाही. संस्थेच्या प्राणी नीतिसमितीवर शास्त्रज्ञ व पशुवैद्य यांच्याखेरीज सामाजिक जाण असलेला, विज्ञानक्षेत्राबाहेरचा एक सदस्य असावाच लागतो आणि केंद्रीय समिती त्याची नेमणूक करते. माणसांवरील संशोधनाच्या नीतिसमित्यांतही भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सामान्य नागरिकाची जागा राखलेली असते. त्यासाठी पीएच.डी. लागत नाही. निवृत्त शिक्षक, वकील, समाजसेविका असे कोणीही तेथे बसू शकते, प्रस्ताव वाचू शकते, आणि चाळीस उंदीर का, तीस का नाहीत, असे विचारू शकते.